असू दे म्हणून ठेवलेला शंख

एका समुद्रकिनाऱ्यावर शंखात राहणाऱ्या खेकड्यांची वस्ती होती. किनारा तसा आडबाजूचा. माणसं रापणीचं लांबलचक जाळं ओढण्यापुरती यायची, भांडत भांडत मासळी वाटून घ्यायची आणि निघून जायची. बाकी सगळा वेळ वाळूची ती पुळण खेकड्यांची, पाखरांची आणि कावळ्यांची.

हे खेकडे म्हणजे आपल्या कालवणातल्या कुर्ल्या नव्हेत बरं का. कुर्लीचं कवच तिच्या अंगाचंच असतं. या बिचाऱ्यांना देवानं पुढून दोन नांग्या दिल्या, टणक तोंड दिलं, आणि मागचं अर्धं अंग करायची वेळ आली तेव्हा बहुधा त्याच्याकडचा माल संपला. मागे नुसतं मऊ पोट, सोललेल्या केळ्यासारखं. ते झाकायला मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधायचा, त्यात मागच्या मागे शिरायचं आणि घर पाठीवर घेऊन हिंडायचं. संकट आलं की आत ओढून घ्यायचं आणि मोठ्या नांगीनं दार लावायचं. शंख आहे तोवर खेकडा, शंख गेला की कावळ्याची न्याहारी.

त्यातही अडचण अशी, की खेकडा वाढतो आणि शंख वाढत नाही. वर्षा-दोन वर्षांनी घर बदलावंच लागतं. आणि चांगले शंख काय रोज येत नाहीत. उधाणाला समुद्राच्या मनात आलं तर एखादा टाकतो, तोही कुणाच्या मापाचा निघेल याचा नेम नाही.

म्हणून त्या वस्तीत रांगेची चाल होती. ती कुणी घालून दिली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही कधी पडली नव्हती. मोठा शंख किनाऱ्याला लागला की सगळे त्याच्यापाशी जमत आणि अंगाच्या मापानं एकामागे एक उभे राहत. सगळ्यात थोराड तो पुढे, त्याच्याहून जरा लहान तो त्याच्या मागे, असं करत शेपटाला मुगाच्या दाण्याएवढं पिल्लू. पुढचा आपल्या शंखातून बाहेर पडे, बाहेर पडताना जुन्या शंखावर नांगी आपटून एकदा 'टक्' करी, आणि नव्या शंखात शिरे. 'टक्' म्हणजे 'हा मी सोडला, तू घे.' ते ऐकलं की मागचा बाहेर पडे, तोही आपल्या शंखावर टक् करी आणि पुढच्याच्या घरात जाई. टक्, टक्, टक् करत ती रांग शेपटापर्यंत पोचे, आणि समुद्रानं टाकलेल्या एका शंखात अख्ख्या वस्तीचं घर बदलून होई. शेवटी सगळ्यात बारका शंख उरे. तो तिथंच ठेवत, पुढच्या भरतीला येणाऱ्या कुणा लेकरासाठी.

या सगळ्यात दोन-चार श्वास प्रत्येक जण उघडा असे. पण 'टक्' ऐकून बाहेर पडलेला आजवर कुणी उघडा राहिला नव्हता. ना दस्तऐवज, ना साक्षीदार. टक् म्हणजे टक्.

या वस्तीत भुऱ्या नावाचा एक खेकडा होता, आणि तोकड्या नावाचा त्याचा जिवलग. भुऱ्याचा रंग भुरा म्हणून तो भुऱ्या. तोकड्याचं नाव मात्र जन्माचं नव्हतं. ते त्यानं कमावलं होतं.

दोघं चिंचोक्याएवढे असताना रापणीची होडी पुळणीवर ओढताना भुऱ्याच्या शंखावरून गेली आणि शंखाचा चुरा झाला. भुऱ्या जगला, पण उघडा पडला. रिकामा शंख आसपास एकही नव्हता. तेव्हा तोकड्यानं त्याला आपल्या शंखाच्या आडोशाला घेतलं, वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीच्या पानाखाली नेलं आणि तो दारात आडवा बसून राहिला. कावळा येऊन पानं उचकटू लागला तरी हलला नाही. कावळ्यानं त्याचा एक पाय उपटून नेला. संध्याकाळच्या भरतीला एक शंख आला, भुऱ्याला घर मिळालं. खेकड्याचा पाय पुन्हा उगवतो तसा तोकड्याचाही उगवला, पण अर्धाच. तेव्हापासून तो चालताना एका अंगाला कलायचा.

एकाच दिवसानं दोघांना दोन गोष्टी दिल्या. तोकड्याला आखूड पाय दिला आणि भुऱ्याला भीती. गंमत बघा, आखूड पायाचा दिवसभर गाणी गुणगुणत हिंडायचा, आणि आठही पाय धड असलेला सावली हलली तरी दार लावून घ्यायचा.

तिसरा मित्र होता एक तुतवार पक्षी, तो शेपटी सारखी वरखाली करणारा. पावसाळा सरला की उत्तरेकडून यायचा आणि आंबे उतरायच्या सुमाराला परत जायचा. ओल्या वाळूतले किडे टिपून खायचा. एवढ्या मोठ्या खेकड्यांना खाण्याएवढी त्याची चोच नव्हती म्हणून ही मैत्री टिकली, असं काही खवट लोक म्हणत. म्हणेनात का. मैत्री खरी होती. भरतीच्या रेषेवर कुठे रिकामा शंख दिसला की तुतवार ओरडत यायचा आणि वस्तीला सांगायचा.

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या पुनवेचं उधाण ओसरलं आणि सकाळीच तुतवार ओरडत आला.

"उठा रे, उठा! काळ्या कातळापाशी शंख आलाय. असा शंख मी दहा किनाऱ्यांवर बघितला नाही!"

शंख खरोखर तसाच होता. जाड, गुळगुळीत, आतून गुलाबी, कुठं टवका नाही की भोक नाही. अख्खी वस्ती लगबगीनं कातळापाशी जमली. गेले दोन पावसाळे मोठा शंख आला नव्हता. सगळेच आपापल्या घरात कोंबून बसलेले. त्या सगळ्यांत थोराड अंग भुऱ्याचं, म्हणून तो पुढे. त्याच्या मागे तोकड्या. तोकड्याच्या मागे म्हातारी आत्या. ही कुणाची सख्खी आत्या नव्हती, पण वस्तीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी तिनं दटावलेलं होतं. तिच्या मागे बाकीचे.

"भुऱ्या, नशीब काढलंस मेल्या," आत्या म्हणाली. "शिर लवकर. ऊन तापायला लागलंय."

"आणि मागचा शंख जपून ढकल," तोकड्या हसत म्हणाला. "मी कधीपासून त्याच्यावर डोळा ठेवून आहे. माझ्या या घरात मला धड जांभईसुद्धा देता येत नाही."

भुऱ्या बाहेर पडला. आपल्या जुन्या तपकिरी शंखावर त्यानं नांगी आपटली. टक्. आणि तो मागच्या मागे नव्या शंखात शिरला.

त्याच्यामागे टक्. टक्. टक्. आवाज शेपटापर्यंत गेला. तोकड्या आपल्या शंखातून बाहेर आला, आत्या त्यात शिरली, आत्याच्या शंखात तिच्या मागचा, आणि असं होता होता शेवटचं पिल्लूसुद्धा नव्या घरात जाऊन बसलं. सगळी रांग सरकली. राहिला फक्त तोकड्या, तो आखूड पाय सांभाळत वळेपर्यंत नेहमीच जरा मागे राहायचा.

नव्या शंखात भुऱ्याला कसं वाटलं? खरं सांगायचं तर भुऱ्याला आत गेल्यावर आनंद झालाच नाही. आत गार होतं. ऐसपैस होतं. इतकं ऐसपैस, की त्याचं मऊ पोट कुठंच टेकेना. जुन्या शंखाच्या भिंती सगळीकडून लागायच्या, आवळायच्या, पण आपण झाकलेले आहोत हे सतत कळायचं. इथं उघड्यावर असल्यासारखंच वाटत होतं. त्याला होडीखालचा तो दिवस आठवला, पानं उचकटणारी चोच आठवली. हा शंख नाही बसला तर? भरतीनं हा हिसकावून नेला तर? मग मी कुठं जाऊ?

त्यानं नांगी बाहेर काढली आणि मागे ढकललेला जुना शंख पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला.

तोकड्या पाठमोरा सरकत आला आणि चाचपू लागला. त्याच्या पायाला शंख लागेना.

"भुऱ्या, शंख जरा इकडे सरकव रे. माझा पाय पोचत नाही."

"थांब जरा," भुऱ्या म्हणाला. "हा नवा सैल लागतोय. बसतो का बघू दे."

"वाढत्या अंगाला सैलच बरा. बसेल की."

"बसेल. पण नाही बसला तर? तोवर हा माझ्यापाशी असू दे."

"बरं, बघ," तोकड्या म्हणाला. दुसरा कुणी असता तर किंचाळला असता. पण ज्याच्यासाठी आपण पाय दिला तो आपल्याला शंख देणार नाही, हे तोकड्याच्या डोक्यात येणार तरी कुठून? तो वाळूवर तसाच थांबला. त्याचं मऊ पोट उन्हात गुलाबी दिसत होतं.

मागे आत्यानं मान बाहेर काढली. "काय रे, काय चाललंय? अजून तू बाहेर का?"

"भुऱ्या मापं घेतोय, आत्या. देतोय आता."

"मापं कसली घेतो? टक् केलं ना त्यानं? भुऱ्या, सोड तो शंख!"

"सोडतो हो," भुऱ्या आतून म्हणाला. "पळून चाललोय का मी?"

त्याला खरंच सोडायचा होता. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही, होतं ते सांगतो. वाईट करायचं ठरवून वाईट करणारे फार थोडे असतात. बाकीचे नुसते 'जरा थांब' म्हणतात. भुऱ्या पोट या अंगावरून त्या अंगावर करून बघत होता, शंखाच्या टोकापर्यंत शेपूट पोचते का चाचपत होता, आणि दर वेळी मनाशी म्हणत होता, 'हे एवढं बघतो आणि देतो.'

"भुऱ्या, ऊन लागतंय रे," तोकड्या थोड्या वेळानं म्हणाला. एवढंच म्हणाला.

तेवढ्यात तुतवार किंचाळला. "कावळा! सुरूच्या झाडावरून उठला! तोकड्या, आत जा!"

रांगेतल्या प्रत्येकानं अंग आत ओढलं आणि दार लावलं. आत्यानं मात्र लावलं नाही. ती अर्धी बाहेर आली आणि ओरडली, "तोकड्या, इकडे ये! तुझा शंख तू घे, मी माझ्यात जाते. ए, माझा शंख सोडा रे!"

तिच्या शंखात शिरलेल्यानं दार घट्ट लावून घेतलं होतं. म्हातारी अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली. तरीही म्हणाली, "असू दे. माझं वय झालंय. तू ये, मी मरते!"

"नको आत्या, तू आत जा," तोकड्या म्हणाला. "भुऱ्या देतोय की."

आणि तो पुन्हा भुऱ्याकडे वळला. आखूड पाय ओढत, सगळा जीव गोळा करून वळला. जुना शंख भुऱ्याच्या नांगीत होता. भुऱ्यानं नुसती नांगी उघडली असती तरी पुरे होतं. पण नांगी उघडायची म्हणजे ती दारातून बाहेर काढायची, आणि बाहेर तर कावळा. 'माझी नांगी गेली तर मी दार कशानं लावू?' असं त्याच्या मनात आलं. जुन्या शंखाची कड घट्ट पकडूनच त्यानं नांगी दारात ओढून घेतली. जुना शंख नव्या शंखाच्या तोंडाशी बुचासारखा बसला.

बाहेर पंखांची फडफड झाली. तोकड्यानं दोनदा हाक मारली. पहिल्या वेळी "भुऱ्या, दे!" असं ओरडला. दुसऱ्या वेळी नुसतं "भुऱ्या" म्हणाला, तेही फार मोठ्यानं नाही. मग वाळूवर थोडी खसखस झाली आणि कावळा सुरूच्या झाडाकडे गेला.

तुतवार त्याच्यामागे बराच वेळ ओरडत उडाला. पण मूठभर पाखरानं कावळ्याच्या चोचीतून काय सोडवून आणायचं?

भरती चढू लागेपर्यंत कुणी दार उघडलं नाही. मग एकेक जण बाहेर डोकावला. भुऱ्याही डोकावला. वाळूवर एका अंगाला कललेल्या पावलांची रांगोळी होती. ती नव्या शंखाच्या तोंडापर्यंत येऊन संपत होती.

"मी काय करणार?" भुऱ्या म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. "कावळा आला. कावळ्याला मी बोलावलं होतं का?"

बोलायचं तोंड होतं कुणाला? दारं तर सगळ्यांनीच लावली होती. आत्या तेवढी पुढे आली. तिनं भुऱ्याच्या नांगीतला जुना शंख बघितला, मग भुऱ्याकडे बघितलं.

"तू टक् केलं होतंस," ती म्हणाली आणि वळून गेली. त्यानंतर तिनं भुऱ्याला कधी दटावलं नाही. तिचं दटावणं बंद झालं म्हणजे माणसातून उठलो, हे वस्तीत प्रत्येकाला कळत होतं.

तुतवार कातळावर बसला होता. "एक विचारू?" तो म्हणाला. "नवा शंख बसला ना तुला?"

"बसला," भुऱ्या खालच्या आवाजात म्हणाला.

"मग तो जुना का धरून ठेवलायस अजून?"

तोकड्या तर गेला होता. आता शंख सोडून तरी काय होणार, असं भुऱ्याला वाटलं. आणि सोडला तर आपण तेव्हाच सोडायला हवा होता हे कबूल केल्यासारखं होईल, हेही वाटलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "असू दे. अडीअडचणीला होईल."

त्या दिवसापासून भुऱ्या दोन शंख घेऊन हिंडू लागला. एक पाठीवर, दुसरा नांगीत धरून ओढत. एका नांगीत शंख असल्यामुळे त्याला धड खाता येईना, कातळावर चढता येईना. झोपताना तो जुना शंख दाराशी ओढून घ्यायचा. लोक त्याच्या वाटेतून बाजूला होत. आधी त्याला वाटलं, आपल्या मोठ्या शंखाचा मान म्हणून होतात. मग एके दिवशी एका पिल्लाची आई पिल्लाला म्हणताना त्यानं ऐकलं, "त्याच्या मागे उभं राहू नकोस."

पुढच्या उधाणाला दोन शंख आले. मोठे नव्हते, पण मधल्या मापाचे चांगले होते. वस्ती जमली. जुन्या सवयीनं रांगसुद्धा लागली. पण बाहेर कुणी पडेना.

"तू टक् कर, मग मी निघतो."

"मी टक् करतो रे, पण पुढचा शंख माझ्या ताब्यात आल्याशिवाय माझा सोडणार नाही."

"तुझा सुटल्याशिवाय मी उघडा पडू होय? तोकड्यासारखा?"

सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. ओहोटी संपली, भरती आली आणि दोन्ही शंख घेऊन गेली. त्याच्या पुढच्या उधाणाला रांग लागली नाही. त्याच्या पुढच्या उधाणाला कुणी जमलंही नाही.

चाल कुणी घालून दिली हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण कुणी मोडली हे सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. एकानं मोडली म्हणून तोंड भरून बोलणारे आता स्वतःही जुना शंख सोडत नव्हते. ज्याला नवा मिळे तो जुना खडकाच्या फटीत कोंबून ठेवी आणि म्हणे, 'असू दे.' तो शब्द पडशासारखा वस्तीभर पसरला.

आंबे उतरले, तुतवार उत्तरेकडे गेला. पावसाळा आला, गेला. आश्विनात तुतवार परतला तेव्हा त्याला आधी वाटलं की आपण किनारा चुकलो. धाकटी पिल्लं माणसांनी फेकलेल्या बाटल्यांच्या निळ्या झाकणांत राहत होती. एक जण करवंटीच्या तुकड्याखाली, एक जण फुटक्या काचेच्या नळीत, बाहेरून सगळं पोट दिसतंय. आणि खडकाच्या फटीफटीतून रिकामे शंख कोंबलेले. म्हातारी आत्या पावसाळ्यातच गेली होती. मरायच्या आधी तिनं आपला शंख पुळणीच्या मधोमध नेऊन सोडला होता आणि स्वतः बाहेर येऊन शेवटचं टक् केलं होतं. तो तोकड्याचाच शंख. तोही कुणीतरी 'असू दे' म्हणून फटीत ठेवला.

आणि भुऱ्या? भुऱ्या वाढला होता. देवानं त्याला भय दिलं होतं तशी भूकही दिली होती. तो गुलाबी शंख, जो कधी ऐसपैस वाटला होता, आता त्याला पुरेना. पोटाचा मागचा भाग आत, पुढचा बाहेर. नांगी दारात धड बसेना, म्हणून दार लागेना. दिवसभर तो मर्यादवेलीखाली दडून राही.

एका सकाळी त्यानं ठरवलं की अडचण आली ती हीच. जुना शंख याच दिवसासाठी तर ठेवला होता. त्यानं तो तपकिरी शंख समोर ओढला, आजूबाजूला कावळा नाही असं बघून बाहेर पडला आणि मागच्या मागे त्यात शिरू लागला.

शेपटीचं टोक आत गेलं. बाकी काही जाईना.

त्यानं वळून पाहिलं, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला. जो शंख आधीच लहान पडला म्हणून त्यानं बदलला होता, तो आता मोठा झालेल्या अंगाला कसा होणार? ही गोष्ट वस्तीतल्या झाकणात राहणाऱ्या पिल्लालाही कळली असती. भुऱ्याला ती वर्षभर ओढून आणि घासून कळली. तो शंख त्याला पुन्हा कधीच होणार नव्हता. ज्या क्षणी तो बाहेर पडला त्याच क्षणापासून होणार नव्हता. त्या शंखात बसेल असा तेव्हा एकच जीव होता.

भुऱ्या मुकाट्यानं परत गुलाबी शंखात जेवढा मावला तेवढा शिरला.

कार्तिकी पुनवेच्या उधाणाला काळ्या कातळापाशी एक शंख लागला, केवढा तरी मोठा. भुऱ्यालाही फार मोठा होता. पण त्याच सकाळी कातळापलीकडच्या किनाऱ्यावरून एक धिप्पाड खेकडा त्या शंखाचा माग काढत आला. भुऱ्यानं वेलीखालून त्याच्या पाठीवरचा शंख बघितला आणि त्याचे डोळे चमकले. तो शंख बरोबर भुऱ्याच्या मापाचा होता. पुष्कळ दिवसांनी त्याला रांग आठवली.

तो धडपडत पुढे गेला. "दादा, राम राम. हा मोठा शंख तुमच्याच मापाचा आहे. तुम्ही यात शिरा, तुमचा मला होईल. माझा मागच्या कुणाला होईल. आमच्याकडे रांगेची चाल आहे."

"आमच्याकडेही होती," धिप्पाड खेकडा म्हणाला. तो बाहेर पडला, आपल्या जुन्या शंखावर त्यानं टक् केलं आणि मोठ्या शंखात शिरला.

टक् ऐकलं आणि भुऱ्याचं भान हरपलं. तो गुलाबी शंखातून बाहेर आला, आपलं मऊ पोट उन्हात उघडं टाकून पाठमोरा सरकत गेला आणि चाचपू लागला. त्याच्या पायाला शंख लागेना.

त्यानं वळून बघितलं. धिप्पाड खेकड्यानं आपला जुना शंख नांगीत धरून जवळ ओढला होता.

"दादा, शंख?" भुऱ्या म्हणाला.

"तो होय? असू दे. अडीअडचणीला होईल."

"अहो, पण तुम्ही टक् केलंत!"

"सवय आहे, तोंडातून जावं तसं जातं. आमच्याकडे आता कुणी जुना सोडत नाही. ही रीत तुमच्याच किनाऱ्यावरनं आली म्हणतात. कुणी एक शहाणा होता म्हणे, दोन शंख बाळगून होता."

"पण तो तुम्हाला आता कधीच होणार नाही!" भुऱ्या ओरडला. "अंग वाढतं दादा, शंख वाढत नाही! तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि मी इथं उघडा उभा आहे!"

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि भुऱ्या थांबला. हे सगळं गेल्या वर्षी तोकड्याला म्हणता आलं असतं. त्यानं म्हटलं नव्हतं. तो नुसता ऊन लागतंय म्हणाला होता.

धिप्पाड खेकडा दोन शंख घेऊन कातळापलीकडे निघून गेला. भुऱ्या आपल्या आवळणाऱ्या घरात परत शिरला, अर्धा आत, अर्धा बाहेर. तुतवार कातळावरून सगळं बघत होता. भुऱ्याला वाटलं, तो काहीतरी बोलेल. तो किडे टिपायला वाळूवर उतरला. शंख दिसला तर हाक मारणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी भुऱ्यानं तो तपकिरी शंख पुळणीच्या मधोमध नेला. वर्षभर घासून त्याची एक बाजू गुळगुळीत झाली होती. त्यानं त्याच्यावर नांगी आपटली. टक्. आणि तो वीस पावलं मागे सरून वाट बघत बसला.

निळ्या झाकणातल्या एका पिल्लानं मान वर केली. त्याच्या आईनं त्याला आत ओढलं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "त्याचं टक् आहे ते."

भुऱ्या दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. जोवर दिसत होता तोवर रोज ओहोटीला येई, टक् करी आणि मागे सरून बसे. शंख तिथंच आहे. भरती त्याला थोडा इकडे लोळवते, थोडा तिकडे. आता तो तोंडापर्यंत वाळूनं भरलाय. झाकणातली पिल्लं त्याला वळसा घालून जातात.

तात्पर्य: आपल्याला कधी होणार नाही अशी वस्तू 'असू दे' म्हणून धरून ठेवण्याआधी मागे वळून बघावं, तिथं कुणीतरी उघडं उभं असतं. आणि तेव्हा न सोडलेली वस्तू नंतर वाटायला काढली, तरी ती घ्यायला कुणी येत नाही.